वऱ्हाडी आणि प्रमाण मराठी: ऐकणाऱ्याचा पूर्वग्रह मोजायचा कसा?

मानसी_एमए:
लघुप्रबंधाचा विषय: वऱ्हाडी बोलणाऱ्याबद्दल पुण्यातल्या विद्यार्थ्यांचं मत काय बनतं. थेट विचारलं तर सगळे ‘बोली सगळ्या सारख्याच’ म्हणणार. म्हणून मानसशास्त्रज्ञ लॅम्बर्टची मॅच्ड गाइज पद्धत घ्यावी म्हणते: एकच माणूस दोन्ही बोलींत बोलतो आणि ऐकणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं वाटतात. आवाज किती लागतील, मजकूर कसा असावा, श्रोते किती घ्यावेत?

ध्वनिलहर:
1960 साली मॉन्ट्रियलमध्ये लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 4 द्विभाषक घेतले होते. प्रत्येकाचं इंग्रजी आणि फ्रेंच वाचन, शिवाय 2 भरतीचे आवाज (दुसऱ्याच माणसांचे, निकालात न धरायचे), असे एकूण 10. फ्रेंच भाषकांनीही बऱ्याच गुणांत इंग्रजी आवाजालाच वर ठेवलं, आणि या पद्धतीचं नाव झालं ते त्यामुळेच. तुम्हाला 3 बोलणारे पुरतील: 6 आवाज, 2 भरतीचे. प्रत्येक आवाज मिनिटभराचा धरला तर गुण देण्यासकट वीसेक मिनिटांत आटपतं. त्यापुढे लोक डोळे झाकून खुणा करतात.

सुरुवात भरतीच्या आवाजाने करा, कारण पहिल्या आवाजाला लोक मोजपट्टी समजून घेत असतात. एकाच माणसाच्या दोन आवाजांत किमान 3 दुसरे आवाज ठेवा. क्रमाच्या दोन याद्या करा, दुसरीत वऱ्हाडी-प्रमाणची जागा उलटी.

रेकॉर्डिंग 44.1 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवू नका, तिथे आवाज दाबला जातो. मग प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइलींची तीव्रता सारखी करा, 70 डेसिबल वगैरे. बोलण्याचा वेगही तपासा. वऱ्हाडीतला आवाज नुसता हळू असला तरी ‘मंद’चे गुण वाढतील, आणि तुम्ही त्याचं खापर बोलीवर फोडाल.

वैनगंगा:
खरी अडचण मजकुराची. बोली सहसा कुणी वाचून दाखवत नाही, त्यामुळे लिहून दिलेलं वऱ्हाडी पाठांतरासारखं वाटतं. त्यापेक्षा बोलणाऱ्याला एक नकाशा द्या आणि स्टेशनपासून बाजारापर्यंतचा रस्ता सांगायला लावा. आशय तोच राहतो, बोलणं मोकळं होतं.

नकलाकार मात्र घेऊ नका. तो प्रत्येक वाक्यात ‘मले’, ‘काहून’, ‘जाऊन राह्यला’ कोंबतो, प्रत्येक ‘ळ’चा ‘य’ करतो आणि श्रोते हसायला लागतात. मग मोजलं जातं ते विनोदी पात्राबद्दलचं मत. घरी वऱ्हाडी, शाळा-कॉलेजात प्रमाण बोलणारा माणूस शोधा. आवाज आधी अकोला-अमरावतीकडच्या दहा-बारा जणांना ऐकवा. ‘हा आपल्याकडचा नाही’ असं दोघा-तिघांनी म्हटलं तरी तो बाद.

ध्वनिलहर:
नकाशाला माझा विरोध आहे. मोकळ्या बोलण्यात एक जण दोन वाक्यं जास्त बोलतो, दुसरा अडखळतो. निदान मुद्द्यांची यादी तरी ठरवून द्या.

वैनगंगा:
यादी चालेल. तयार वाक्यं नकोत.

कोरडे_आकडे:
गुणांच्या मोजपट्टीत दोन गट हवेतच. एक दर्जाचा: हुशार, शिकलेला, आत्मविश्वासू. दुसरा जवळिकीचा: मनमोकळा, विश्वासू, मदतीला धावणारा. हॉवर्ड जाइल्स यांच्या ब्रिटनमधल्या कामात दर्जाचे गुण प्रमाण उच्चाराला गेले, जवळिकीत प्रादेशिक उच्चार पुढे राहिले. सगळ्याची एकच सरासरी काढलीत तर दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतील आणि ‘फरक नाही’ असा खोटा निष्कर्ष निघेल. 7 बिंदूंची पट्टी घ्या, दोन टोकांना विरुद्ध शब्दांची जोडी (हुशार–मंद), आणि काही जोड्या उलट्या छापा.

श्रोते: प्रत्येक जण दोन्ही बोली ऐकणार, त्यामुळे मध्यम परिणामासाठी (डीझेड, म्हणजे सरासरी फरक भागिले त्या फरकांचं प्रमाण विचलन, 0.4; ताकद, म्हणजे असलेला फरक पकडण्याची शक्यता, 80 टक्के) 52 पुरतात. 60 बोलवा, कारण काहींना आवाज ओळखू येतील. शेवटी ‘एखादा आवाज पुन्हा ऐकल्यासारखा वाटला का?’ आणि ‘बोलणारे कुठले वाटले?’ हे जरूर विचारा. पहिल्याला ‘हो’ म्हणणाऱ्यांना वगळून विश्लेषण पुन्हा करा.

निष्कर्ष ‘वऱ्हाडी’बद्दल लिहिताय, पण बोलणारे तिघेच. नुसती श्रोत्यांवरची टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक तपासणारी) त्या तिघांपलीकडे काही सांगत नाही. भाषा-मानसशास्त्रज्ञ क्लार्क यांनी हा आक्षेप 1973 सालीच घेतला होता. श्रोते आणि बोलणारे दोघांतला फरक एकत्र धरणारं मिश्र प्रारूपही तिघांत नीट बसत नाही. त्यामुळे प्रत्येकाचा फरक वेगळा दाखवा. तिघांतही दिशा एकच असेल तर बोला.

वैनगंगा:
यात थोडी फसवणूक आहे, म्हणून आधी नैतिकता समितीची परवानगी. सत्र संपल्यावर खरा हेतू सांगा आणि उत्तरपत्रिका मागे घेण्याची मुभा द्या. हे मात्र सगळ्या वर्गांची सत्रं संपल्यावरच. नाहीतर पहिल्या वर्गातून गुपित दुसऱ्या वर्गात मधल्या सुट्टीतच पोचतं.