नागपूर ते मंगरूळपीर : गावी जाताना गाडीत मुलांशी बायबलमधल्या वचनांबद्दल कसं बोलावं?

रविवारशाळा_नागपूर

जय ख्रिस्त. २३ डिसेंबरला आम्ही चौघं नागपूरहून मंगरूळपीरजवळच्या गावी सासू-सासऱ्यांकडे निघतोय. कारंजापर्यंत समृद्धी महामार्गानं, पुढे आतल्या रस्त्यानं. मुलं ९ आणि १३ वर्षांची. या प्रवासातून त्यांच्या विश्वासाला काही मिळावं अशी फार इच्छा आहे, पण मोबाइलवर संदेश लावला की दोघंही कानात इयरफोन घालतात. कोणते उतारे घ्यावेत, कुठे आणि किती वेळ? दुसरं म्हणजे, दीर-जाऊ ख्रिस्ती नाहीत. तिथे पोचल्यावर काय करावं, काय टाळावं?

उपासना_गट_अमरावती

ताई, गाडीत उपासना घेऊ नका, गाडीत बोला. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात, ६:७ मध्ये घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता या वचनांविषयी बोलत जा असं सांगितलंय. लूक २४ मध्ये अम्माऊसच्या वाटेवर येशू त्या दोघांना गाठतो तेव्हा आधी विचारतो, तुमचं काय बोलणं चाललंय? त्यांची सगळी निराशा ऐकून घेतो आणि मग शास्त्र उलगडतो. बहुतेक घरी हा क्रम उलटा होतो, आणि इयरफोन तिथूनच सुरू होतात. ते अंतर ६० स्टेडियांचं, म्हणजे अंदाजे ११ किलोमीटर, पायी दोन-अडीच तासांचं. तेवढ्या वाटेत एकच विषय झाला. तुम्हाला तीन जागा पुरेत, प्रत्येकी दहा मिनिटं.

पहिली जागा घराच्या दारात, इंजिन बंद असताना. स्तोत्र १२१, आठच वचनं, थोरल्याला वाचू द्या. १२० ते १३४ ही आरोहणस्तोत्रं सणासाठी यरुशलेमेला चढून जाणाऱ्यांची म्हणून ओळखली जातात. म्हणजे कुटुंबासोबत, सणाला, लांबच्या वाटेनं. तुमचीच परिस्थिती.

दुसरी जागा चहाच्या थांब्यावर, लूक २:४१-५०. येशू १२ वर्षांचा, तुमच्या थोरल्याहून एक वर्षानं लहान. यरुशलेमेच्या सणाहून परतताना मरीया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, कारण तो सोबतच्या घोळक्यात असेल असं त्यांनी धरून चाललं. मग नातेवाइकांत शोध, मग परत यरुशलेम, आणि तीन दिवसांनी मंदिरात भेट. मुलांना विचारा : ते येशूला विसरले होते का? नाही, फक्त ‘असेलच’ म्हणाले. आपल्या घरात प्रार्थनेचं, आजी-आजोबांना फोन करण्याचं असंच होतं का, हे त्यांनाच सांगू द्या. त्यानंतर गाडीत बसताना माणसं मोजायचं काम धाकट्याकडे द्या, प्रत्येक थांब्यावर. हा धडा हातानं केला की राहतो.

तिसरी जागा कारंजाला समृद्धी सोडल्यावर. डिसेंबरात कापूस भरलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या, तुरीच्या धुऱ्यावरून अचानक रस्त्यावर येणारी गुरं, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो आणि सगळे कुरकुरतात. तिथे उत्पत्ति ३३:१३-१४. भाऊ एसाव बरोबर चल म्हणतो, तर याकोब सांगतो की मुलं कोवळी आहेत, दूध पाजणारी गुरं आहेत, एक दिवस जरी जोरात हाकली तरी मरतील. मी त्यांच्या चालीनं येतो. कुटुंबाचा वेग सगळ्यात हळू माणसावरून ठरतो हे मुलांना तिथेच समजतं, खिडकीबाहेर बघत. १७ वं वचनही वाचा मात्र. सेईरला, म्हणजे एसावाकडे, येतो म्हणून सांगितलं आणि याकोब गेला सुक्कोथला. म्हणून सासूबाईंना ‘बारापर्यंत पोचतो’ असं सांगू नका. ‘निघालो की कळवतो, कारंजाला आलो की कळवतो’ एवढंच सांगा. दिलेली वेळ गाठायलाच गाडी पळवली जाते.

हायवे_जुना_चालक

वरचं सगळं पटलं. स्तोत्र १२१ बद्दल एक भर घालतो. इस्राएलाचा राखणदार झोपत नाही असं तिथे लिहिलंय. स्टिअरिंगवरच्या माणसाला झोप येतेच. मत्तय ४ मध्ये सैतान असंच एक राखणीचं वचन, स्तोत्र ९१ मधलं, पुढे करून येशूला खाली उडी टाक म्हणतो, आणि येशू देवाची परीक्षा पाहू नको असं उत्तर देतो. प्रार्थना आणि सीटबेल्ट दोन्ही हवेत, मागच्या सीटवरसुद्धा.

समृद्धीवर रस्ता सरळ असल्यानं डोळा लागतो. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं उतरा. १ राजे १९ मध्ये थकलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही; झोपू देतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला लावतो. देवाचा शांत स्वर त्यानंतर. शिदोरीत दशम्या, जवसाची चटणी, संत्री घ्या. तेलकट खाल्लं की पेंग येते. आधी गार झालेल्या टायरमध्ये हवा भरून घ्या. हवा कमी असेल तर वेगात टायर तापून फुटतो. पहाटे निघालात तर नाल्याकाठी धुकं असतं. रात्री आतल्या रस्त्यावर रोही (नीलगायी) आडवे येतात.

वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाचा दाखला (लूक १०) पुस्तकातून सांगण्यापेक्षा गाडीतली प्रथमोपचाराची पेटी उघडून सांगा. त्यानं तेल, द्राक्षारस आणि पट्ट्या वापरल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शिवाय जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला. आपल्याकडे : आधी स्वतःची गाडी बाजूला घेऊन इंडिकेटर लावा, १०८ ला फोन करा, रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा, मान हलवू नका, बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. पोलिसांच्या भीतीनं लोक थांबत नाहीत. पण २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीतल्या कलम १३४अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्ती नाही.

पावसाळ्यात याच वाटेनं जाणाऱ्यांसाठी : रपट्यावरून (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर थांबा. नागपूरला १८४५ मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटजवळ पूर आलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना बुडाले.

मंगरूळपीर_वाचक

दुसऱ्या प्रश्नाचं कोणी बोललंच नाही. जेवणाआधीची प्रार्थना मराठीत, तीन-चार वाक्यांची. त्यात जिनं रांधलं तिचं नाव घेऊन आभार माना. जाऊबाई हातात पोळी घेऊन ताटकळत उभ्या राहतील एवढी लांबवू नका. नाताळची गाणी अंगणात म्हणा, ज्याला यावंसं वाटेल तो येईल. कोणी विचारलं तर उत्तर सौम्यतेनं द्या (१ पेत्र ३:१५). कोणी विचारलं नाही तर घरातली कामं आहेतच.

आणि मार्क ७:११ मधलं ‘कुर्बान’ विसरू नका. देवाला वाहिलं असं सांगून आईबापाला न देणाऱ्यांवर येशू रागावतो. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात ते पोचल्याच दिवशी बघा, चिठ्ठीचा फोटो काढा, दोन महिन्यांच्या घेऊन ठेवा. चष्म्याचा नंबर, न्हाणीघराचा निसरडा दगड, विजेचं बिल. हे मुलांसमोर करा. मरीया तिच्या नात्यातल्या अलीशिबेकडे सुमारे तीन महिने राहिली, लूक १:५६. तुम्हाला चार दिवस मिळालेत. त्यातला अर्धा दिवस बाजारात घालवू नका.

रविवारशाळा_नागपूर

मनापासून आभार. यादी करून घेतली. एकच राहिलं : मागच्या सीटवर दोघं भांडतात, त्याला काय?

उपासना_गट_अमरावती

उत्पत्ति ४५:२४. भावांना घरी पाठवताना योसेफ (याकोबाचा मुलगा, मरीयेचा नवरा नव्हे) म्हणतो, वाटेत भांडू नका. मूळ इब्री शब्दात थरथरणं, अस्वस्थ होणं हाही अर्थ आहे. म्हणून काही जण ‘घाबरू नका’ असं वाचतात. भांडण सुरू झालं की ओरडण्याआधी बघा : भूक लागली का, उलटी येतेय का, एकाच्याच अंगावर ऊन येतंय का. ऊन येत असेल तर पुढच्या थांब्यावर जागा बदला.