सपाट वाटेवरची सायकल : तुमचे अनुभव लिहा

रायबंदरची लेक
काल भाच्याने व्हर्जिनियातून फोटो पाठवले. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून त्याच जागेवर डांबरी वाट केली आहे आणि तो बायको-मुलीसोबत त्यावरून गावागावांतून सायकल चालवतोय. फोटो बघता बघता मला बाबांच्या सायकलचा दांडा आठवला. टॉवेल गुंडाळून त्यावर मला बसवायचे, पणजीच्या पाटोवरून कॉजवे, म्हणजे पाणथळीतून काढलेला रस्ता, धरायचा, रायबंदर आणि पुढे जुने गोवे. डिसेंबरात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला तर हमखास. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि मिठागरं. चढ असा नाहीच, त्यामुळे बाबा सगळा वेळ बोलत असायचे. हा कॉजवे १६३३-३४ सालचा, लिन्यारिशचा काउंट पोर्तुगीज व्हाइसरॉय असताना जांभ्या दगडात बांधलेला, तीन किलोमीटरच्या आसपास, हे त्यांनीच मला चालत्या सायकलवर सांगितलं होतं.
सोप्या, सपाट, जुन्या गावांतून जाणाऱ्या वाटेवर कुणी सायकल चालवली असेल तर लिहा ना. गोव्यातली असो की बाहेरची.

पोदेराची वाट बघणारी
टॉवेल! आमच्याकडे गोणपाट असायचं. घाईत लिहितेय, कुकर लावलाय. गोव्यात सायकल म्हटली की मला आधी पोदेरच दिसतो, आमचा पाववाला. मागे बांबूची पाटी, वर निळं प्लास्टिक, आणि तो भोंपू. त्याच्या मागून मी शाळेत जायचे, सगळ्या रस्त्याला गरम उंड्यांचा वास.

म्हापशाचा, सध्या व्हर्जिनिया
ताई, भाचा बहुतेक वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन ट्रेलवर असणार. आमच्या घरामागूनच जाते. शर्लिंग्टन ते पर्सेलव्हिल, ७२ किलोमीटर. रेल्वे १९६८ साली बंद पडली. फॉल्स चर्च, व्हिएन्ना, हर्नडन, लीसबर्ग अशी जुनी गावं लागतात, हर्नडनच्या स्टेशनात आता छोटं संग्रहालय आहे. रेल्वेला खडा चढ झेपत नाही, म्हणून मार्ग आखतानाच डोंगर कापून, भराव घालून चढ लांबवर पसरवलेला असतो. त्याचा फायदा आज सायकलवाल्यांना. लीसबर्ग सोडल्यावर चढ आहे, पाय भरून येतात, पण उतरून ढकलावी लागत नाही.
आई इथे आली होती तेव्हा तिला व्हिएन्नापासून थोडं पुढे नेलं. लग्नानंतर तिने सायकलला हात लावला नव्हता. पंजाबी ड्रेस, वर माझं जॅकेट. इथे मागून येणारा 'डावीकडून येतोय' अशी हाक देऊन पुढे जातो. आई प्रत्येकाला मराठीत 'या, या' म्हणायची. लोक हात करून जायचे. त्या दिवशी रात्री जेवताना ती शाळेतल्या मैत्रिणींची नावं एकेक करून सांगत होती. मी तिला इतकी खूश फार वर्षांत पाहिली नव्हती.

पोदेराची वाट बघणारी
'या, या' वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. आई कशा आहेत आता?

म्हापशाचा, सध्या व्हर्जिनिया
गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरात चालते. गणपतीला येतोय.

रायबंदरची लेक
त्यांना सांभाळून आणा. विमानतळावर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा.

दिवाडीचा जावई
जुन्या गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतारावर सोडून द्यायची, थेट फेरीच्या धक्क्यावर. पलीकडे दिवाडी. पियेदादची टेकडी टाळली तर सगळं बेट सपाट. दोन्हीकडे खाजन शेतं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली, मधे मानशी (पाणी अडवायची दारं), बगळे. शेतांवरून कोकण रेल्वे जाते, तेवढाच काय तो आवाज. नार्व्याला दुसरी फेरी घेतली की डिचोलीच्या बाजूचं नार्वे. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपार गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधून घेतलं. सासरे मला पहिल्यांदा या वाटेने घेऊन गेले ते सायकलनेच. म्हणाले, देव ज्या वाटेने गेला ती वाट मोटारीतून कळत नाही. मला ते पटलं, अजून पटतं. ऑगस्टातल्या चौथ्या शनिवारी मात्र जाऊ नका, बोंदेरांची, म्हणजे झेंड्यांच्या उत्सवाची गर्दी असते.

फोंडेकरीण
कॉजवेवर आता गाड्या केवढ्या! मुलांना घेऊन भीती वाटते.

रायबंदरची लेक
रविवारी उजाडता उजाडता निघा. आठच्या आत परत. तेव्हा गळ टाकून बसलेली माणसंच असतात. आणि मला मनापासून वाटतं की आठवड्यातून एक सकाळ तरी तो रस्ता फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलींना द्यावा. बायपास आहेच की गाड्यांना.

दिवाडीचा जावई
शंभर टक्के. सही करायची असेल तर मी पहिला.

चांदरकर
आमच्याकडचे रूळ अजून जागे आहेत बरं, १८८० च्या दशकातली मुरगावची लाइन. मडगाव, कुडतरी, चांदर अशी सायकल काढा, कुडतरीला तळं, चांदरला ब्रागांझा कुटुंबाचं जुनं मोठं घर. कदंब राजांची जुनी राजधानी चंद्रपूर ती हीच. फाटक पडलं की सायकल टेकवायची, मालगाडी संपता संपत नाही. २०२० मध्ये दुपदरीकरणाच्या विरोधात गावोगावचे लोक रात्री या रुळांवर येऊन बसले होते. मीही होतो. घरी गाडी असून सायकलनेच गेलो, कारण त्या वाटेने मी लहानपणापासून सायकलनेच जातो.

फोंडेकरीण
पोई, आपला तो पोकळ गोल पाव, कुठे चांगली मिळते त्या बाजूला? कोंडा लावलेली, मैद्याची नको.

चांदरकर
संध्याकाळी चारनंतर या, पोदेर दारात येतो. विचारावं लागत नाही, भोंपू ऐकू येतो.

पोदेराची वाट बघणारी
बघा, आले ना पोदेरावर! अगो, माझ्या मुलाची २० इंची सायकल पडून आहे, ब्रेक नवे टाकलेत. कुणाच्या लेकराला हवी का? पैसे नकोत.

फोंडेकरीण
मला हवी! मुलगी आठ वर्षांची, उंची बेताची. होईल ना?

पोदेराची वाट बघणारी
सीट खाली होते. शुक्रवारी पणजीला येतेयस का? मार्केटपाशी भेटू, हवा भरून आणते.

फोंडेकरीण
येते. तुझ्यासाठी घरचं कोकम आगळ आणते.