होळीनंतर कुंडीत काय टिकतं? तुमचे अनुभव लिहा

आमच्या पुण्याच्या गच्चीत होळी झाली की कोथिंबीर चार पानं येताच फुलावर जाते, दरवर्षी तेच. यंदा आई म्हणाली तसं धने चपलेने रगडून दोन फोडी केल्या, रात्रभर भिजवले आणि ट्रे पूर्वेच्या कठड्याखाली ठेवला जिथे अकरानंतर ऊन येत नाही, तर नवव्या दिवशी उगवली आणि दोनदा कापली! तुमच्याकडे काय जगतं, काय जळतं, सगळं लिहा.

*

रत्नागिरी. खाली जांभा, माती नावाला. सासूबाई वाफ्यात राख नि शेणखत घालून लाल माठ पेरतात, पाणी संध्याकाळी. महिन्याभरात भाजी. पालकाचा हट्ट मी दोन उन्हाळे केला, आता माठच.

*

ठाणे, आठवा मजला, ड्रममध्ये दुधी. फुलं भरपूर पण इवले इवले दुधी पिवळे पडून गळायचे, मला वाटलं खत कमी पडतंय म्हणून घालतच राहिले. मग कळलं की दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि एवढ्या वर रात्रीचे किडे फिरकतच नसणार. तेव्हापासून दिवेलागणीला नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे करायच्या आणि मादी फुलात (त्याच्या मागे बारका दुधी असतो बघा) हलकेच फिरवायचं. पहिला दुधी धरला तेव्हा ऑफिसातून आल्यावर चहाच्या आधी त्याला बघायला जायचे. सात काढले मेपर्यंत!

*

मिरचीवर मावा आला तर 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब, पानांच्या खालून फवारा. पण ऊन उतरल्यावरच हं, मी भर दुपारी मारलं आणि पानं भाजली.

*

न्यू जर्सीहून लिहितेय, इथला वसंत कॅलेंडरवर मार्चमध्ये येतो, मातीत मेमध्ये. मेथी एप्रिलच्या गारठ्यातही उगवते, पण भेंडी-गवारीला गरम माती लागते. पहिल्या वर्षी एप्रिलअखेर भेंडीची रोपं बाहेर लावली आणि एका रात्री दव गोठून सगळी काळी पडली, रडूच आलं, बी आईने पाठवलेलं होतं. आता खिडकीत रोपं करते, आठवडाभर रोज थोडं थोडं बाहेर ठेवते आणि मेच्या मध्यानंतरच जमिनीत.

*

ठाणेकर ताई, ड्रम केवढा आहे? आणि मांडव कशाचा केलात? माझ्याही वेलीवर आज दोन मादी कळ्या दिसल्यात.