ब्लूग्रास बँडमध्ये वाजवून पोट भरतं का? (जाणकारांनी मदत करा)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीचा मुलगा टेनेसीत एम.एस. करतोय, मेकॅनिकलमध्ये. सांगलीत असताना गिटार वाजवायचा. तिकडे गेल्यावर त्याने स्वतःपेक्षा उंच डबल बास धरलाय आणि तिथल्या पोरांच्या एका ब्लूग्रास बँडमध्ये शिरलाय (ब्लूग्रास म्हणजे बँजो, व्हायोलिन, मँडोलिन, गिटार घेऊन गायचं-वाजवायचं अमेरिकन संगीत). परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मावशी, डिग्री हातात पडली की वर्षभर बँडबरोबर फिरणार, नोकरीचं नंतर बघू." ताईचं जेवणावरून लक्ष उडालंय. भावोजी काहीच बोलत नाहीत, त्याची मला जास्त धास्ती.

बँजो फार भरभर वाजतो यापलीकडे मला त्या संगीतातलं काही कळत नाही. मला एवढंच हवंय: या लोकांचं चालतं कसं? पैसे येतात कुठून? म्हातारपणी काय करतात? "करू द्या त्याला मनासारखं" हा सल्ला कृपया नको, तो मी स्वतःच देऊन शिव्या खाल्ल्यात.

रात्रपाळी

मावशी, बँजोचं राहू द्या, आधी व्हिसाचं बघा. पोरगा एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असणार. सेमिस्टर चालू असताना त्यावर कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तास काम चालतं, बाहेर परवानगीशिवाय नाही. बारमध्ये वाजवून चार डॉलर खिशात घातले तरी ते कामच धरतात, मग रोख असोत की चेक. डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे काही काळ काम करायची परवानगी, मिळते तीही शिकलेल्या विषयातल्या कामासाठी. मेकॅनिकल इंजिनियरचं आणि बासचं नातं तो कुणाला पटवून देणार? जॅममध्ये, म्हणजे हौशी मंडळींच्या बैठकीत, फुकट वाजवायला कुणाची ना नाही. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन विचार म्हणावं, बँडमधल्या पोरांना नको. बाकी संगीतातलं मला शष्प कळत नाही.

जुना_मँडोलिनवाला

रात्रपाळी म्हणतात ते आधी निस्तरा. आता पोटापाण्याचं.

मी मेरीलँडात राहतो, वॉशिंग्टनच्या उत्तरेला. निवृत्त आहे. मँडोलिन बरं वाजवतो, पैसे मिळण्याइतकं नाही. तुमच्या ताईंना सांगण्यासारखी एखादी गोष्ट असेल तर ती आमच्या भागातल्या सेल्डम सीन या बँडची. १९७१ साली बेथेस्डात बेन एल्ड्रिजच्या घराच्या तळघरात ही मंडळी जमायला लागली. बेन बँजोवाला, पेशाने गणितज्ञ. गिटार घेऊन गाणारा जॉन स्टार्लिंग सर्जन. बासवर टॉम ग्रे, तो नॅशनल जिओग्राफिकमध्ये नकाशे करायचा. डोब्रोवर (आडवी धरून वाजवायची गिटार) माइक ऑल्ड्रिज, व्यवसायाने आर्टिस्ट. मँडोलिनवर जॉन डफी, हा आधी कंट्री जंटलमेन या बँडमध्ये दहाएक वर्षं फिरून विटलेला आणि आता वाद्यं दुरुस्त करून खाणारा. ठरलं असं की आठवड्यातून एक रात्र गावातच वाजवायचं, सुट्टीला जोडून एखादा फेस्टिव्हल करायचा, पण नोकरी सोडायची नाही. आधी बेथेस्डातलं रेड फॉक्स इन, मग व्हर्जिनियातलं बर्चमियर. तिथली त्यांची गुरुवारची रात्र वर्षानुवर्षं चालली. वॉशिंग्टनचे सरकारी बाबू टाय सैल करून यायचे. आज मूळचं कुणी उरलेलं नाही, बँड मात्र चालू आहे. यांना हौशी म्हणणाऱ्याने त्यांच्या रेकॉर्डी ऐकाव्यात आणि मग बोलावं.

आता दुसरी बाजू. बिल मन्रो, ज्याच्या ब्लू ग्रास बॉइजवरून या संगीताला नाव पडलं. जन्म १९११, गाव रोझीन, केंटकी. आठ भावंडांत धाकटा. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि गिटार थोरल्यांनी आधीच धरलेली, म्हणून याच्या वाट्याला मँडोलिन. दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. पुढे इंडियानात तेलाच्या रिफायनरीत पिंपं हलवली. १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीत, म्हणजे रेडिओवरच्या शनिवारच्या कार्यक्रमात जागा मिळाली आणि गाडी रुळावर आली. पण कशी? आठवडाभर गावोगाव वाजवायचं आणि शनिवारी रात्री काही करून नॅशव्हिलला हजर व्हायचं. चाळीसच्या दशकात तो स्वतःचा तंबू घेऊन फिरे, आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखा. वर बेसबॉलची टीम बरोबर! दुपारी गावातल्या संघाशी सामना, त्यातून जाहिरात, रात्री गाणं. वादकांनी तंबूलाही हात लावायचा आणि चेंडूलाही. मुक्कामी असले की मालकाच्या शेतावर काम. कसल्या बँडच्या गप्पा करता, गडीच म्हणा की. पन्नासेक वर्षांत त्याच्याकडून दीडशेहून जास्त वादक येऊन गेले यात मला नवल वाटत नाही.

तरी माणसं यायची, कारण तिथे वाजवलं की पुढे आयुष्यभर ते नावापुढे लागायचं. बँजोवाला अर्ल स्क्रग्ज १९४५ च्या डिसेंबरात आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याआधी नॉर्थ कॅरोलायनात सूतगिरणीत काम केलेलं. गायक लेस्टर फ्लॅटही गिरणीतूनच आलेला. १९४८ च्या सुरुवातीला दोघं बाहेर पडले, स्वतःचा बँड काढला, आणि मन्रोने त्यांच्याशी बोलणं टाकलं. फ्लॅटशी पुन्हा हात मिळवला तो १९७१ मध्ये.

हे दोघं टिकले कशावर ते नीट बघा. १९५३ पासून त्यांच्यामागे मार्था व्हाइट ही पिठाची कंपनी उभी राहिली. पहाटे पावणेसहाला रेडिओवर पिठाची जाहिरात गायची. पुढे टीव्ही आला, पण कार्यक्रम टेप करून पाठवायची सोय नव्हती. म्हणून जॉर्जियापासून वेस्ट व्हर्जिनियापर्यंत गावोगावच्या स्टेशनांत जाऊन थेट वाजवायचं, आठवड्याला सुमारे अडीच हजार मैल. १९५५ पासून बुकिंग, करार, हिशेब हे सगळं अर्लची बायको लुईझ बघायला लागली. कंट्री संगीतात तेव्हा बायका हे काम करत नव्हत्या. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवेपर्यंत मजल गेली. माझं स्पष्ट मत: बँजोवरची अर्लची तीन बोटं असामान्य होतीच, पण लुईझची वही नसती तर तो परत गिरणीत गेला असता.

म्हणून तुमच्या भाच्याला "तू वाजवतोस कसा" हे विचारूच नका. बुकिंग कोण करतं, व्हॅन कुणाच्या नावावर आहे आणि विमा कोण भरतं, हे तीन प्रश्न विचारा.

बारा_गावचं_पाणी

काकांचा इतिहास झकास, पण सगळं आजोबांच्या काळातलं. मी नॉर्थ कॅरोलायनात असतो. ब्लूग्रास गिटारवाला बिली स्ट्रिंग्ज, १९९२ चा जन्म, मोठमोठी अरिना भरवतो. जॉन्सन सिटीच्या ईस्ट टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत १९८२ पासून ब्लूग्रास रीतसर शिकवतात. हल्ली वादक ऑनलाइन शिकवण्या घेतात, उन्हाळ्यात शिबिरं घेतात, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगवर वाजवतात. सगळं जमवून मध्यमवर्गीय जगणं होतं. पोरगं एक वर्ष म्हणतंय, जन्म नाही म्हणत. घाबरवता कशाला?

जुना_मँडोलिनवाला

बिली स्ट्रिंग्ज आहेच. प्रत्येक गावात एक लॉटरी लागलेला असतो. मी त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांबद्दल बोलतोय. शिकवण्यांचं मात्र तुमचं खरं. गेल्या उन्हाळ्यात एका फायर हॉलमध्ये (अग्निशमन दलाच्या सभागृहात) तरुण बँड ऐकला. एकच माइक, त्याभोवती पाच जण. सोलो आला की फिडलवाली पुढे घुसणार, गिटारवाला खांदा काढून मागे सरकणार, फिडलचा बो (गज) कुणाच्या डोळ्यात जात नाही हीच कमाल. बासवाला सगळ्यांत मागे, त्याला हलायला जागा नाही आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही, पण तो अर्धा ठोका चुकला तर पाचही जण एकदम वळून बघतात. कार्यक्रम संपल्यावर हाच बासवाला टेबलावर टी-शर्ट विकत बसला होता, मापं ओळीने लावून. बोलता बोलता म्हणाला, आज दारावर जे मिळालं ते पेट्रोल आणि मोटेलात गेलं, जेवण या टी-शर्टांवर. सोमवार ते गुरुवार तो कॅलिफोर्नियापर्यंतच्या पोरांना स्क्रीनवर बास शिकवतो.

आणि एक वर्षाचं म्हणाल तर डेल मकूरीकडे बघा. १९६३ मध्ये मन्रोकडे बँजो वाजवायच्या आशेने गेला, मन्रोने त्याच्या हातात गिटार देऊन गायला उभं केलं. वर्षभरात बाहेर. त्यानंतर पेनसिल्व्हेनियात लाकूडतोडीचं काम, शनिवार-रविवार बँड, अशी कित्येक वर्षं. मुलं वाजवती झाली, १९९२ मध्ये नॅशव्हिलला घर हलवलं, तेव्हा गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले. खरं नाव त्यानंतर झालं. आयबीएमएचा, म्हणजे त्यांच्या संघटनेचा, वर्षातला सर्वोत्तम एंटरटेनर हा मान नऊ वेळा मिळाला.

कृष्णाकाठ

बापरे, एवढं सगळं! ताईला वाचून दाखवलं. सर्जन वाजवायचे म्हटल्यावर जरा चेहरा फुलला, लाकूडतोड्यावर पुन्हा उतरला. काका, म्हातारपणाचं राहिलं. आणि बायकांचं काय? त्या बँडमध्ये फिडल वाजवणारी एक मुलगी आहे म्हणे.

जुना_मँडोलिनवाला

म्हातारपणाचं सरळ उत्तर, पेन्शन नाही, पीएफ नाही. संघटनेचा एक ट्रस्ट फंड आहे, अडचणीतल्या कलावंतांना मदत करतो, पण ती मदत झाली, मिळकत नव्हे. मन्रोच्या बँडमधला स्ट्रिंगबीन, मंदीत बँका बुडताना पाहिलेला, पैसे कायम घरातच ठेवायचा. त्याच पैशांच्या मागावर १९७३ मध्ये चोर घरात शिरले आणि नवरा-बायको दोघांना मारलं. चोरांना ते घबाड काही सापडलं नाही. १९९६ मध्ये त्याच घराच्या धुराड्यातून सुमारे वीस हजार डॉलर निघाले, कुजून गेलेले.

शरीर हेच भांडवल, त्यात बिघाड झाला की दुकान बंद. टोनी राइससारखा गिटारवाला आणि गायक, १९९४ च्या सुमारास त्याचा गाता गळा गेला. पुढची वीसेक वर्षं नुसत्या गिटारवर काढली, मग हातही साथ देईनात. स्टॅनली ब्रदर्स या भावांच्या बँडमधल्या कार्टर स्टॅनलीला दारूने वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी नेलं. धाकटा भाऊ राल्फ मात्र पंचाहत्तरीला टेकल्यावर, २००२ मध्ये, पहिलं ग्रॅमी घेऊन आला, तेही एका सिनेमातल्या गाण्यासाठी. दोघं एकाच घरातले.

बायकांची वाट जास्त चढाची. सॅली अ‍ॅन फॉरेस्टर चाळीसच्या दशकात मन्रोच्या बँडमध्ये अकॉर्डियन वाजवायची आणि दारावर तिकिटांचे पैसेही तीच गोळा करायची. हेझल डिकन्स वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणकामगारांच्या घरातली, बाल्टिमोरच्या कारखान्यांत राबली. तिने आणि अ‍ॅलिस जेरार्डने १९६५ मध्ये रेकॉर्ड काढली तेव्हा बायकांनी पुढे उभं राहून ब्लूग्रास गाणं जवळजवळ नव्हतंच. गिटारवादनाचा आयबीएमए पुरस्कार बाईला पहिल्यांदा मिळाला तो थेट २०१७ मध्ये, मॉली टटलला. तेव्हा तुमच्या भाच्याच्या बँडमधली फिडलवाली तिकडे उगाच पोचलेली नाही, हे धरून चाला.

कृष्णाकाठ

तुमचे तीनही प्रश्न विचारले. व्हॅन बँजोवाल्याच्या वडिलांच्या नावावर. बुकिंग ती फिडलवालीच करते, नर्सिंग शिकतेय, सगळं एक्सेलमध्ये लिहून ठेवते म्हणे. विमा कोण भरतं यावर "थांब, रेंज नाहीये" म्हणून फोन ठेवला. इंटरनॅशनल ऑफिसात मंगळवारची वेळ घेतलीय. भावोजी काल पहिल्यांदा बोलले, त्यांना सेल्डम सीनच्या त्या सर्जनची लिंक हवीय.

जुना_मँडोलिनवाला

लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलीय. स्टार्लिंग १९७७ मध्ये बँड सोडून पूर्णवेळ डॉक्टरीकडे गेला हे भावोजींना लगेच सांगू नका, आधी दोन गाणी ऐकू द्या. आणि विम्याचा प्रश्न त्या नर्सिंगवालीला विचारायला सांगा, तिच्या एक्सेलमध्ये रकाना असणार.