'वर्ग'चा घोळ आणि टॅगला मराठी शब्द

विश्रामबागकर: सांगलीतले आम्ही सहा-सात शिक्षक गृहपाठाची गणितं ऑनलाइन एकत्र साठवतोय. नमुना वेबवर्क या ऑनलाइन गृहपाठाच्या प्रणालीतल्या ओपन प्रॉब्लेम लायब्ररीचा, म्हणजे गणितांच्या खुल्या संग्रहाचा. तिथं प्रत्येक गणिताला विषय, प्रकरण, उपप्रकरण असे टॅग असतात. आम्ही उत्साहात 'वर्ग' हा टॅग ठेवला. काल शोधलं तर आठवीची सगळी गणितं, वर्गमूळं, वर्गसमीकरणं, सांख्यिकीतली वर्गांतरं, सगळं एका ढिगात! ते निस्तरू, पण आधी टॅगला मराठी शब्द सांगा. एक सर 'खूणचिठ्ठी' म्हणतात, मी 'बिल्ला'.

माहुलीचा: बिल्ला हमालाच्या दंडावर. आणि 'इयत्ता' असताना वर्ग कशाला घातलात?

खणभागातली: इयत्ता दाखल्यावर. घरी आपण "कितवीत आहेस?" विचारतो. टॅगला टॅगच म्हणा, टेबलाला कोण मेज म्हणतंय?

वाईचे मास्तर: तरीच विश्वकोश वाईत झाला, सांगलीत नाही! 'गणितं' हेही चूक. गणित हा विषय, सोडवायचं ते उदाहरण.

खणभागातली: मास्तर, आमचे आजोबा म्हणायचे, "पाच गणितं झाल्याशिवाय ताटावर बसायचं नाही." पाच विषय सोडवायचे होते का?

वाईचे मास्तर: संस्कृतातले उद् आणि आ हे उपसर्ग, हृ हा धातू. पुढे आणून दाखवायचं ते उदाहरण.

माहुलीचा: म्हणजे फळ्यावर तुम्ही दाखवता ते उदाहरण. घरी पोरगं डोकं खाजवतं ते गणितच! बालभारती तर 'सरावसंच' आणि 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' छापते. तिथं दोघंही हरलात.

यार्डातला: मी हळदवाला. आमच्यात सौद्याला मांडलेल्या ढिगाला वक्कल म्हणतात, वर कागद खोचला की ती चिठ्ठी. 'खूण' वेगळी कशाला? चिठ्ठी लावली की खूण झालीच.

विश्रामबागकर: चिठ्ठी पटली. पण एका गणिताला चार-चार लागतात. दोन नळ आणि टाकी घ्या: शाब्दिक, वर्गसमीकरण, दहावी, शिवाय काठिण्यपातळी.

माहुलीचा: नळाचं गणित अजून आहे? आमच्या वेळी हौद होता.

वाईचे मास्तर: हौद अरबी.

खणभागातली: आणि टाकी इंग्रजी, असं म्हणू नका. गडावर खडकात कोरलेलं असतं ते टाकं आपलंच.

वाईचे मास्तर: ते ज्यानं कोरतात तीही टाकी. टाकीचे घाव ऐकलं नाही?

विश्रामबागकर: अहो, वर्गाचं कुणी बोलेल का?

यार्डातला: आधी 'टाकी'ला दोन चिठ्ठ्या लावा.