रोजची भाकर आणि खाजनाचा बांध

वर एका ताईंनी विचारलंय, "सगळं देवाचं दान म्हणायचं, मग माणसाने करायचं काय?" राहवलं नाही म्हणून लिहिते.

मी मूळची वसईची, लग्नानंतर गोव्यातल्या सासष्टीत आले. इथे ५ ऑगस्टला राय गावच्या चर्चमध्ये कणसांचं फेस्त, म्हणजे नव्या भाताचा सण, असतो. पाद्री शेतात जाऊन पहिली कणसं विळ्याने कापतात, आशीर्वाद देतात, मग मिरवणुकीने ती चर्चमध्ये येतात. भाताची मुख्य कापणी अजून लांब असते, तरी आभार आधी मानायचे! मला हे फार भावतं.

आमचं शेत खाजनातलं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीतलं, आणि कोरगुटाचं, म्हणजे खारं सोसणाऱ्या भाताचं. एका पावसाळ्यात बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि दोन वर्षं दाणा पिकला नाही. त्या वर्षीही सासूबाई फेस्ताला गेल्या. दुसऱ्याच्या शेतातली दोन कणसं पदरात घेऊन आल्या, घरच्या वेदीवरच्या क्रुसामागे खोचली आणि मागच्या वर्षीची, पार काळी पडलेली, हळूच काढली. दुसऱ्या दिवशी चिखलात उभ्या राहून गड्यांना बांधासाठी दगड पुरवत होत्या. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळीही तेव्हाच बदलली.

ताई, मला उत्तर तिथेच मिळालं. प्रभूच्या प्रार्थनेत आपण आजची भाकर मागतो, वर्षभराचं कोठार नाही. सासूबाई ती प्रार्थना रोज संध्याकाळी तेर्सात, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, म्हणतात, आणि "आज" या शब्दावर अजूनही क्षणभर थांबतात.