दोन्ही करणारा जिंकतो का? अरबी समुद्रातला हिरवा नॉक्टिल्युका

सागरवेडा: उत्तर अरबी समुद्रात फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वी डायटम (सिलिकाच्या कवचाची एकपेशीय शैवालं) माजायचे. २००० नंतर तिथे हिरव्या नॉक्टिल्युकाचे दाट थर दिसू लागले. एकाच पेशीचा जीव, पण नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढा दिसतो. पोटातलं हिरवं शैवाल त्याला उन्हावर अन्न बनवून देतं आणि वर हा डायटमही गिळतो, म्हणजे प्रकाशसंश्लेषण आणि शिकार दोन्हींवर जगतो. जो प्रतिस्पर्ध्यालाच खातो, त्याच्यापुढे नुसतं प्रकाशसंश्लेषण करणारे टिकणार कसे?

मीनाक्षी_क: असहमत. दोन्ही यंत्रणा पोसायच्या तर वेग मार खातो. हिवाळी गार वाऱ्यांनी पाणी खोलवर घुसळून नायट्रेट (शैवालांचं खत) वर आलं, की वाढीच्या शर्यतीत डायटमला तो गाठू शकत नाही. खत संपत आलं की याचं फावतं.

सागरवेडा: अहो, पण समुद्राचा केवढा तरी भाग बहुतेक काळ खताविनाच असतो! उत्तर अटलांटिकमधल्या मोजणीत (२००८) उजेडाच्या थरातल्या जिवाणूंपैकी जे फस्त होत होते, त्यातले ४० ते ९५ टक्के हरितद्रव्य असलेल्या बारीक शैवालांनीच खाल्लेले निघाले. कारण साधं आहे. ज्याला उन्हाचा आधार आहे तो भक्ष्य इतकं विरळ करून सोडतो, की निव्वळ शिकाऱ्याचं त्यावर भागत नाही.

खाडीकाठ: ऑक्सिजन विसरलात दोघंही. समुद्रशास्त्रज्ञ जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांच्या गटाने २०१४ मध्ये मांडलं, की कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतंय आणि त्यात नॉक्टिल्युकातल्या शैवालाचं चांगलं चालतं, डायटमचं नाही.

मीनाक्षी_क: त्यावर २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यातही हा बहर नोंदवलाय. मला सिलिकेटचं कारण जास्त पटतं. डायटमला कवचासाठी सिलिका लागते, नॉक्टिल्युकाला लागत नाही. म्हणजे ही जीत दोन्ही करण्याची नव्हेच.

खाडीकाठ: सिलिकेट संपल्यावर दुसरं कुठलंही शैवाल माजू शकलं असतं की. हाच का माजला?

सागरवेडा: नेमकं! डायटम गिळून नायट्रोजन मिळवायची सोय त्याच्याकडेच आहे.

मीनाक्षी_क: मग याच जातीच्या लाल नॉक्टिल्युकाचं काय? त्याच्या पोटात शैवाल नाही, तो निव्वळ शिकारी. तरी थंड समुद्रांपासून केरळच्या किनाऱ्यापर्यंत तो पसरलाय आणि तुमचा हिरवा मात्र उष्ण पाण्याच्या मोजक्या पट्ट्यांतच सापडतो.